आधी रिप्लाय द्या, रील नंतर

मागच्या महिन्यात आपण वाचकांना विचारलं होतं की ऑनलाइन आल्यावर तुमचं गिऱ्हाईक नुसतं वाढलं की टिकलं पण, आणि त्यावर नाशिकमधून इतके मेल आणि व्हॉट्सॲप आले की हा महिना सगळा नाशिककरांनाच देऊन टाकला. नावं छापत नाहीये, कारण निम्म्या लोकांनी स्वतःच्या दुकानापेक्षा शेजारच्या दुकानाबद्दलच जास्त लिहिलंय. पत्रं कापली आहेत, रागावू नका.

मखमलाबाद रोडवरून एक मिसळवाले लिहितात: रविवारी आमच्याकडे गाडी लावायला जागा नसते एवढी गर्दी. गूगलवर एकाने एक स्टार दिला, लिहिलं की तर्री म्हणजे नुसतं तेल, पाऊण तास ताटकळत ठेवलं, वेटर उद्धट. माझ्या भावाने रागात खाली उत्तर टाकलं, 'तुमच्यासारखं गिऱ्हाईक आम्हाला नकोच.' आता त्याचा स्क्रीनशॉट शहरभर ग्रुपवर फिरतोय. हा रिव्ह्यू डिलीट कसा करायचा?

दादा, रिव्ह्यू तुम्हाला डिलीट करता येत नाही. शिवीगाळ असेल, कोणी धंद्यातल्या स्पर्धकाने टाकला असेल, माणूस आलाच नसेल, तर गूगलला रिपोर्ट करता येतो आणि ते बघून काढतात किंवा नाही काढत, पण 'मला चव आवडली नाही' हे काही नियमाबाहेरचं नाही. भावाचं उत्तर मात्र तुमच्या हातात आहे, ते हा अंक खाली ठेवून आधी काढा. स्क्रीनशॉट दोन-चार दिवस फिरेल आणि बसेल, त्याच्या मागे लागून प्रत्येक ग्रुपवर खुलासे देत बसू नका, त्याने उलट ज्यांना माहीत नव्हतं त्यांना पण कळतं.

मग नवीन उत्तर लिहा, आणि लिहिताना हे धरून चाला की ते त्या माणसासाठी नाहीच्चे. शनिवारी रात्री ठाण्यात नाहीतर पुण्यात एखादी बाई फोन घेऊन बसलीये, उद्या नाशिकला जायचंय, मिसळ कुठे खायची, तर ती पाच स्टारवाले वाचत नाही, ती सरळ एक स्टारवाले उघडते आणि मालक काय बोलला ते बघते. तिच्यासाठी लिहा. त्याने तीन तक्रारी केल्यात, तिन्हीला एकच 'आम्ही दिलगीर आहोत' चिकटवू नका. तेल ही चवीची गोष्ट आहे, तिथे नमतं घ्यायची काही गरज नाही, सांगा की आमची तर्री झणझणीतच असते, कमी तेलाची हवी असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, रस्सा वेगळा देतो. पाऊण तास थांबावं लागलं हे खरं असेल तर खरं आहे म्हणा, रविवारी साडेनऊ ते साडेअकरा एवढा वेळ लागतो असं वेळेसकट लिहा. वेटरचं मात्र आधी त्या पोराला विचारा काय झालं होतं, मग लिहा. असं काहीतरी: 'रविवारी तुम्हाला फार थांबावं लागलं, त्या वेळेत गर्दी असते हे आम्ही आधीच सांगायला हवं होतं. वेटरशी बोललो आहे. आमचं आधीचं उत्तर चुकीचं होतं, ते काढलं आहे. पुन्हा आलात तर काउंटरवर मला हाक मारा.' बास. कूपन नको, हात जोडलेले इमोजी पण नकोत.

आणि खरं काम त्याच्या पुढचं आहे. तुमची अर्धी भांडणं थांबण्यावरून होत असणार, मग रविवारी सकाळी काउंटरवरच्या माणसाने दर अर्ध्या तासाने व्हॉट्सॲप स्टेटस आणि इन्स्टाची स्टोरी टाकावी, 'आत्ता वेटिंग 40 मिनिटं, 12 नंतर आलात तर लगेच बसाल', एवढंच, फोटो नाही टाकला तरी चालेल. लोकांना थांबायचा तेवढा राग नसतो, किती थांबायचं ते कोणी सांगत नाही त्याचा असतो. तसंच गूगलच्या प्रोफाइलमध्ये सणासुदीच्या वेळा वेगळ्या टाकायची सोय आहे. रंगपंचमीला तुम्ही बंद आणि गूगलवर 'ओपन', मग लांबून आलेला माणूस शटर बघून स्टार देतो.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की पाच स्टार देणाऱ्याला एक ताक फ्री ठेवलं तर. नका ठेवू, रिव्ह्यूच्या बदल्यात काहीही देणं गूगलच्या नियमात बसत नाही, आणि रिव्ह्यू हटवले गेले तर खरे पण जातात. तुमच्या पत्रातला तो फुकट मिसळ आणि वर पैसे मागणारा व्हिडिओवाला, त्याला द्यायचे तर द्या, पण त्याला सांगा की ही जाहिरात आहे हे व्हिडिओत स्पष्ट दिसलं पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये तशा सूचना काढल्यात, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात 10 लाखापर्यंत दंड आहे. माझं विचाराल तर तेवढ्या पैशात रविवारी एक जास्तीचा माणूस लावा.

सिडकोतून एक ताई: माझं लेडीज पार्लर आहे. सातशेच्या वर नंबर जमवलेत, ब्रॉडकास्टवर रोज ऑफर टाकते. आधी रिप्लाय यायचे, आता काहीच येत नाही. दुसरीकडून बल्क मेसेजचं सॉफ्टवेअर घेऊ का?

ते सॉफ्टवेअर अजिबात घेऊ नका ताई. लोक ब्लॉक करतात, रिपोर्ट करतात, आणि व्हॉट्सॲप नंबरच बंद करून टाकतं, मग सातशे नंबर, जुन्या चॅट, सगळं एका दिवसात गेलं.

तुमचं काय होतंय ते सांगते. ब्रॉडकास्टच्या एका यादीत 256 जणीच बसतात हे तुम्हाला माहीत असेल, पण बऱ्याच जणींना हे माहीत नसतं की ज्या बाईने तुमचा नंबर तिच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही तिला तो मेसेज जातच नाही. म्हणजे सातशेतल्या कितीतरी जणींपर्यंत तुमची ऑफर कधी पोचलीच नाही, आणि ज्यांच्यापर्यंत पोचली त्यांनी रोज रोज बघून म्यूट केली. रोज ऑफर म्हणजे गिऱ्हाइकाला हेच शिकवलं ना की पूर्ण पैसे देऊन कधी यायचंच नाही.

व्हॉट्सॲपचं बिझनेसचं ॲप वापरताय का? नसेल तर ते घ्या, 2018 पासून आहे, फुकट आहे, आणि त्यात लेबल लावता येतात. लेबल लावा पण गिऱ्हाइकाच्या कामाप्रमाणे: हेअर कलर, फेशियल, नवरी, फक्त थ्रेडिंग. कलर करणाऱ्या बाईला साधारण पाच-सहा आठवड्यांनी मुळं पांढरी दिसायला लागतात, त्या आठवड्यात तिला एकटीला, तिचं नाव घालून मेसेज गेला की 'मागच्या वेळी नॅचरल ब्राउन लावला होता, शनिवारी दुपारी जागा आहे, ठेवू का?' तर ती ऑफर नाही म्हणत त्याला, ती म्हणते हिला माझं लक्षात आहे. शेड, कोणत्या क्रीमने पुरळ आलं होतं, गप्पा आवडतात की शांत बसायला आवडतं, हे वहीत लिहिलं तरी चालेल. मात्र कोणाचा आधी-नंतरचा फोटो न विचारता स्टेटसला टाकू नका. सिडकोत कोण कोणाची नणंद निघेल सांगता येत नाही.

कार्डाचं विचारलंय, 'दहा वेळा या, अकराव्यांदा फ्री'. चालतं, पण एक गंमत बघा. अमेरिकेत जोसेफ न्यून्स आणि झेवियर ड्रेझ या दोघांनी एका कार वॉशवर प्रयोग केला, तो 2006 साली छापून आला. निम्म्या लोकांना आठ शिक्क्यांचं कोरं कार्ड दिलं, निम्म्यांना दहा शिक्क्यांचं पण दोन शिक्के आधीच मारलेलं, म्हणजे दोघांना आठच वेळा यायचं होतं. कोरं कार्डवाल्यांपैकी 19 टक्क्यांनी कार्ड पूर्ण केलं आणि दोन शिक्केवाल्यांपैकी 34 टक्क्यांनी. तेव्हा कार्ड काढाल तर पहिल्या दिवशीच दोन शिक्के मारून हातात द्या, आणि पर्समध्ये हरवतं म्हणून कार्डाचा हिशेब तुमच्याकडे पण ठेवा. ती कार्ड विसरून आली तर 'कार्ड आणा मगच' असं म्हणू नका, तिथेच सगळं घालवाल.

इंदिरानगरहून किराणा दुकानदार: आमचं दुकान वडिलांच्या वेळचं. आता दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲप आलीत, सोसायटीच्या गेटवर दिवसभर त्यांच्याच गाड्या. मुलाने व्हॉट्सॲप ग्रुप काढला, 180 मेंबर आहेत, पण त्यात गुड मॉर्निंग आणि राजकारणच चालतं. ॲपशी टक्कर द्यायची कशी?

सरळच सांगते काका, रात्री साडेदहाला कोणाला वेफर्स आणि कोल्ड्रिंक हवं असेल तर ते गिऱ्हाईक गेलं, त्याच्यासाठी पोरगं आणि स्कूटर अडकवून ठेवू नका. तुमचं गिऱ्हाईक दुसरं आहे, महिन्याची यादी असणारं. ज्या घरात डाळ, तांदूळ, तेल, शेंगदाणे, साबुदाणा, डब्यावारी सगळं एकदम भरतात ते घर ॲपवाल्याला अजून नीट जमलेलं नाही, कारण त्याला हे माहीत नाही की जोशी काकूंना तूरडाळ बिनपॉलिशची लागते, आणि मागच्या खेपेला गुळाला मुंग्या होत्या म्हणून त्या कुरकुरल्या होत्या. तुम्हाला माहीत आहे. पण ते तुमच्या डोक्यात आहे, मुलाच्या नाही आणि गल्ल्यावर बसणाऱ्या पोराच्या तर नाहीच नाही. पहिलं काम, ते डोक्यातून काढून लिहा. गिऱ्हाइकाचं नाव, बिल्डिंग, नेहमीचे ब्रँड, काय चालत नाही. मुलगा एक्सेलमध्ये करेल, नाहीतर बिझनेस ॲपमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे नोंद ठेवेल.

ग्रुप बंद करा, निदान फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं सेटिंग करा. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो, तुमच्या किराण्यापायी कोणाच्या सुनेचा नंबर पूर्ण सोसायटीकडे जायचं काही कारण नाही. आणि न विचारता ॲड करणं आता नुसतं वाईट दिसतं म्हणून नाही, 2023 मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदा झालाय, संमती हाच त्याचा पाया आहे, तर सवय आत्तापासूनच लावा. दुकानात एक वही ठेवा, 'मेसेज पाठवलेला चालेल का' विचारा, हो म्हणतील त्यांचाच नंबर घ्या.

ऑर्डर वन-टू-वन घ्या. आजीने हाताने लिहिलेल्या यादीचा फोटो आला तरी चालला पाहिजे, ऑडिओ आला तरी चालला पाहिजे, आणि ज्यांना यातलं काहीच जमत नाही त्यांचा साधा फोन पण उचलला पाहिजे, डिजिटल म्हणजे म्हातारी माणसं बाहेर असं होऊ देऊ नका, तीच तुमची सगळ्यात जुनी खाती आहेत. यादी आली की पाच-दहा मिनिटांत नुसतं 'मिळाली, सहापर्यंत पोच करतो' एवढं लिहा. दहा मिनिटांत सामान नाही दिलं तरी चालतं, दहा मिनिटांत उत्तर द्या. आणि सहा म्हणालात तर सहा, साडेसात नाही. उशीर होणार असेल तर पावणेसहाला तुम्हीच कळवा, त्यांनी विचारायच्या आधी.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बदली माल. त्यांचा तेलाचा ब्रँड नाहीये म्हणून दुसरा टाकून दिला, हे कधीच करू नका. फोटो पाठवा, किंमत लिहा, विचारा. ॲपवर पण कधी विचारतात, पण तुम्ही सांगू शकता की 'हा घेऊ नका काकू, परवा नवीन माल येतोय, तोवर अर्धा लिटर देतो.' स्वतःची विक्री कमी करणारा असा एक सल्ला दिला की ते घर पुढची कितीतरी वर्षं हलत नाही, हे मी अनेक दुकानांत बघितलंय.

दोन बारीक गोष्टी. उधारीचं ॲप वापरत असाल तर त्यातून आपोआप जाणारे 'तुमची बाकी आहे' मेसेज बंद करा. बाकी मागायची तर तुम्ही स्वतः, एकट्यात. दुसरं, वीस रुपयाला यूपीआय घ्यायला तोंड वाकडं करू नका, गिऱ्हाइकाच्या साध्या बँक खात्यातून आलेल्या यूपीआयवर 2020 पासून दुकानदाराला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे कापली जाणारी फी, लागत नाही. पैसे आले का ते तुमच्या स्पीकरवर किंवा ॲपवर बघा, वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकाला 'स्क्रीन दाखवा' म्हणू नका.

येवल्याहून एक पैठणीवाले: रीलला लाखाच्या घरात व्ह्यूज, फॉलोअर्स भरपूर, ऑर्डर नाही. काय चुकतंय?

मोराचा पदर फिरवून दाखवला की कोणीही बघतं हो, बघायला पैसे पडत नाहीत. तुमच्या कमेंट उघडून बघितल्या, पन्नास जणांनी 'प्राइस?' विचारलंय आणि खाली उत्तर 'डीएम करा'. किंमत लिहा. हातमागाची किती, यंत्रमागाची किती, फरक का, हे उघड सांगा, पदराची उलटी बाजू दाखवा, हातमागाच्या पैठणीत मागून लोंबते दोरे दिसत नाहीत हे एकदा दाखवलं की बोलायची गरज नाही. आणि नवीन फॉलोअर सोडा, ज्यांनी आधी साडी नेली त्यांची यादी काढा, वर्षाने विचारा की घडीवर जरतार काळी पडली नाही ना, घडी बदलत जा म्हणून सांगा. लग्न त्यांच्याच घरात पुन्हा निघतं.

अंबडहून आरओ आणि एसीवाले: पाथर्डी फाटा, अंबड या भागात सर्व्हिसिंग करतो, मी आणि दोन पोरं. गिऱ्हाईक एकदा बोलावतं, पुढच्या वेळी ऑनलाइन दुसराच शोधतं. मुलगा म्हणतो चॅटबॉट लावा.

दोन पोरांच्या धंद्याला चॅटबॉट कशाला हवाय. पाणी गळतंय, बाई घाबरलीये, आणि समोरून 'एक दाबा, दोन दाबा', त्यापेक्षा 'तासाभरात फोन करतो' असा एक रेडीमेड रिप्लाय सेट करा आणि खरंच तासाभरात करा.

ते दुसरा शोधतात कारण त्यांना तुमचं नाव आठवत नाही, राग म्हणून नाही. फिल्टर बदलून वर्ष होतं, कार्ड हरवलेलं असतं. मशीनच्या बाजूला तुमचा स्टिकर हवा, त्यावर तारीख, काय बदललं, पुढची तारीख. तीच नोंद फोनमध्ये. काढलेल्या जुन्या फिल्टरचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवा, कारण या धंद्यात सगळ्यांना एकच संशय असतो की न बदलता पैसे घेतले. निघायच्या आधी रेट लिहून पाठवा, व्हिजिटचे किती, पार्टचे किती. एसीवाल्यांना फेब्रुवारीतच मेसेज करा, एप्रिलमध्ये तुम्हालाच वेळ नसतो आणि मग जुन्या गिऱ्हाइकाला चार दिवस थांबवता, तिथे ते तुटतं.

आता फीडबॅकचं, म्हणजे काम कसं झालं हे विचारायचं. मोठ्या कंपन्या तो 0 ते 10 वाला प्रश्न विचारतात ना, 'आम्हाला दुसऱ्याला सुचवाल का', तो फ्रेड रायकहेल्ड यांनी 2003 मध्ये मांडला, 9-10 वाले खूश, 7-8 मधले, 6 आणि त्याखालचे नाराज. तुम्हाला आकडा काढून काय करायचंय, दुसऱ्या दिवशी एवढंच विचारा, 'पाणी नीट येतंय ना? पोरांनी जागा पुसून दिली का?' दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नक्की येतं.

दिंडोरी तालुक्यातून द्राक्ष बागायतदार: चार एकर बाग, व्यापाऱ्याला कंटाळून दोन वर्षांपासून नाशिक, ठाणे, पुण्यात थेट पेट्या देतो. सीझनला फोन भरपूर, पण पुढच्या वर्षी आपणच फोन केला की 'कोण बोलतंय?' आणि यंदा अवकाळीने माल मागे पडला, ॲडव्हान्स घेतलेत, लोक चिडलेत, ग्रुपवर काय लिहू समजत नाही.

भाऊ, दुसरं आधी घेऊ कारण ते आजचं आहे. ग्रुपवर काहीच लिहू नका, ज्यांचे पैसे घेतलेत त्या प्रत्येकाला वेगळा मेसेज करा, आणि आजच करा. चिडतात ते पावसामुळे नाही, पाऊस त्यांना पण दिसलाय, पण चार दिवस तुमचा फोन लागत नाही म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात वेगळंच येतं. मेसेजमध्ये बागेचा आजचा फोटो, तडकलेल्या मण्यांचा पण, लपवू नका. मग सांगा की चांगला घड वेगळा काढतोय, तोड अमुक आठवड्यात होईल, तारीख ठोकून देऊ नका कारण ती पुन्हा हुकली तर मग संपलंच. आणि त्यांनी मागायच्या आधी लिहा की पैसे परत हवे असतील तर आज संध्याकाळपर्यंत यूपीआयने पाठवतो. बरेच जण थांबतील. जे परत मागतील त्यांना खरंच त्याच संध्याकाळी पाठवा, एक शब्द न बोलता, त्यातले काही पुढच्या वर्षी परत येतात. शेतकऱ्याला साथ द्या वगैरे भावनिक काही लिहू नका, ते एकदा चालतं.

आता 'कोण बोलतंय'. द्राक्षाचं गिऱ्हाईक तुम्हाला वर्षात दोन-तीन महिनेच भेटतं, पण बाग तर बारा महिने चालू असते ना. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, मग डोळे फुटतात, फुलोरा, विरळणी, मण्यात पाणी उतरतं, शहरातल्या माणसाने यातलं काही म्हणता काही पाहिलेलं नाही. महिन्यातून दोन वेळा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ स्टेटसला टाका, मोबाइल आडवा-उभा कसाही, मागे संगीत नको, तुमचा आवाज असू द्या. 'रात्री धुकं पडलं, डाऊनी रोगाची भीती, सकाळी फवारणी घेतली' हे सांगायला घाबरू नका, फवारणी लपवलीत की लोकांना संशय येतो, त्यापेक्षा कधी घेतली, तोडणीच्या किती दिवस आधी थांबवली ते सांगा, एक्सपोर्टवाले रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाची तपासणी करतातच, तुम्ही केली असेल तर रिपोर्टचा फोटो टाका. तोडणीच्या आधी रिफ्रॅक्टोमीटरवर गोडी दाखवा, ब्रिक्सचा आकडा 18 च्या वर गेलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की गिऱ्हाइकाच्या मुलाबाळांना पण मजा येते आणि पेटीची वाट बघतात.

पण स्टेटस त्यांनाच दिसतं ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय आणि तुम्ही त्यांचा. म्हणून पेटीत वर एक चिठ्ठी टाका: द्राक्षाची जात थॉमसन की सोनाका की शरद, कोणत्या दिवशी तोडली, फ्रिजमध्ये कशी ठेवायची, आणि 'हा नंबर बागेच्या नावाने सेव्ह करा'. पेटी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी विचारा, मणी गळाले का, किती? गळाले असतील तर फोटो मागत बसू नका, पुढच्या पेटीत तेवढं वजन जास्त टाका आणि तसं सांगा. ठाण्याच्या पेट्यांमध्येच मणीगळ जास्त येतेय असं चार जणांकडून कळलं तर तो वाहतुकीचा नाहीतर पॅकिंगचा घोळ आहे, हे तुम्हाला इतर कुठूनही कळलं नसतं. आणि बेदाणा करत असाल तर श्रावणाच्या आधी फक्त जुन्या गिऱ्हाइकांनाच विचारा, नवीन जाहिरात करायच्या आधी. पहिला मान त्यांचा, हे त्यांना दिसलं पाहिजे.

पंचवटीतून एक लॉजवाले: रामकुंडापासून चालत पाच मिनिटांवर आमची लॉज आहे. सिंहस्थ आलाच आहे, खोल्या अशाही भरणार. यात्रेकरू बारा वर्षांतून एकदा येतो, त्याच्यासाठी सोशल मीडिया आणि लॉयल्टी कशाला?

हा प्रश्न पंचवटीत बसून विचारताय याची गंमत वाटली. तुमच्याच गल्लीतले तीर्थोपाध्याय बघा, त्यांच्या वहीत गावाप्रमाणे, कुळाप्रमाणे नावं आहेत, आजोबा आले होते त्यांची सही नातवाला काढून दाखवतात, आणि तो नातू दुसऱ्या कोणाकडे जात नाही. त्यांच्याकडे ना ॲप होतं ना काही, नोंद होती.

आणि यात्रेकरू एकदा येतो हे पण पूर्ण खरं नाही. बस घेऊन येणारा म्होरक्या दरवर्षी येतो, कधी नाशिक-शिर्डी, कधी त्र्यंबक, त्याची चाळीस माणसं बदलतात, तो तोच असतो. त्याचा नंबर, त्याला कोणत्या खोल्या आवडल्या, स्वयंपाकाला जागा लागते का, हे लिहून ठेवा. मुख्य स्नानं 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत, त्या दिवसांचे दर आत्ताच ठरवून गूगल प्रोफाइलवर आणि व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्ये टाका, ज्याला जे सांगितलं ते लेखी पाठवा, आणि मग कोणी दुप्पट देतो म्हणून आधीचं बुकिंग मोडू नका. 2027 ला कोणी लिहिलेला रिव्ह्यू 2039 च्या सिंहस्थाला पण तिथेच असणार आहे.

फोटो खरे टाका, जिना किती उंच आहे तो पण, कारण बरोबर म्हातारी माणसं असतात. पर्वणीच्या दिवशी गाडी दारापर्यंत येत नाही, लांब उतरून चालावं लागतं, हे बुकिंगच्या वेळीच सांगा, त्या दिवशी सांगितलंत तर भांडण होणार. कुठे उतरायचं, तिथून कसं यायचं, याचा लोकेशनसकट एक मेसेज मराठी, हिंदी आणि गुजरातीत तयार ठेवा. गुजरातीतला कोणा गुजराती माणसाकडून वाचून घ्या, भाषांतराच्या ॲपवर सोडू नका.